चाकाला पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी कर्जतकडच्या गावांत लाकूडसुद्धा रडकुंडीला आलं होतं. बैलगाडीचं चाक सुकून आकसायचं, आरे खुळखुळायचे आणि भोवतीची लोखंडी धाव भर रस्त्यात निखळून पडायची. एरवी लोक रात्रभर चाकं ओढ्यात बुडवून ठेवत. पण ओढा होता कुठं? तिथं पोरं गोट्या खेळत होती.

भीमा सुताराच्या तीन वर्षांच्या नातीला, राहीला, दोन दिवस हगवण लागली होती. तिला कर्जतच्या दवाखान्यात न्यायचं, तर गाडीचं डावं चाक धड नव्हतं. घरात पाणी एक घागर. टँकर परवा येणार, तोही आला तर!

सकाळीच भीमानं घागर उचलली. चाकाला गोणपाट गुंडाळलं आणि वरून धार धरली. लाकूड घटाघटा पाणी पीत होतं. खाटेवरून राही ओठ चाटत म्हणाली, "पानी."

राहीची आई, भीमाची सून मालन, पुढं झाली. "मामंजी, घोटभर द्या की वो तिला."

"खुळी का काय तू? हगवणीत पानी दिलं की पोट आनखी वाहतं," भीमा खेकसला. "माज्या आईनं आमा आठ भावंडांना असंच वाढवलं."

आठांतली तीनच वाढली होती, पण ते कोण मोजतंय! मालननं तरी फडक्याचं टोक भिजवलं. भीमानं ते हिसकावून घेतलं. अहो, जीव होता त्याचा नातीवर, म्हणूनच हिसकावलं.

चाक फुगलं, धाव गच्च बसली. पाच कोस गाडी कुठं कुरकुरली नाही. वाटेत राही रडायची थांबली. पोरगी निजली, उतार पडला, असं भीमाला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडीठाक.

"पाणी कधी पाजलं हिला?"

"थेंब न्हाई दिला, सायेब. दोन दीस," भीमा मोठ्या अभिमानानं म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिले. "अहो, अंगातलं पाणी संपलंय तिच्या! घोट घोट पाजत राहिला असता, तर..."

ते सलाईन लावायला वळले. सुई घालायला शीर शोधत राहिले. एकही सापडेना.

दुपारी राही गेली.

भीमा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. त्याला स्वतःच्या हातांकडं बघवेना. मालन पोरीला कवटाळून बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली. रडली नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "घागर भरून पानी हुतं वो."