कुंकवाखालचा शुक्रवार

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. जुना हा शब्द मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तो माझ्या तोंडावर फेकायला नको. माझ्या झाकणाची एक बिजागरी मोडली आहे, एक पान वाचायला मला पाऊण मिनिट लागते आणि वाचताना मी घरघरतो. पण मी भंगार नाही. तसे म्हणणाऱ्याशी भांडायला मी आजही तयार आहे.

कारखान्यात माझ्या पोटात एक दिवा बसवला, त्याच्या शेजारी एक डोळा बसवला आणि वर काच घातली. अकरा वर्षांपूर्वी राजलक्ष्मीने मला बारामतीच्या दुकानातून विकत घेतले आणि एसटीत मांडीवर धरून सणसरला आणले. घराच्या पुढच्या खोलीत तिने टेबल मांडले आणि गावाचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. दाखले, सातबारे, पीकविम्याचे कागद, दहावीच्या गुणपत्रिका, सगळे माझ्या काचेवर पालथे झोपून गेले. गावातल्या सोनबाच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा पहिला पेढा माझ्या झाकणावर ठेवला होता. नंतर तो सोनबानेच खाल्ला, ते सोडा.

मग गर्दी वाढली आणि माझी घरघर लोकांना खुपू लागली. राजलक्ष्मीचा नवरा विजयसिंह लोणी देवकरच्या कंपनीत कामाला आहे. यंत्रांतले आपल्याला सगळे कळते, असा त्याचा समज आहे. आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने नवा स्कॅनर निवडला.

"मिनिटाला तीस पानं!" तो म्हणाला. "दोन्ही बाजू एका दमात. वर वायफाय. न्हायतर ह्यो तुझा म्हातारा. एक पान व्हईस्तोवर चहा पिऊन हुतो."

"पर आपल्याकडं येत्यात कसलं कागद, ते बघितलं का?" राजलक्ष्मीने विचारले.

"कागद म्हंजी कागद. त्यात काय बघायचं?"

मित्रांनो, खरी चूक इथेच झाली. त्याने यंत्राचा वेग पाहिला, रंग पाहिला, कागद मात्र पाहिला नाही. नवा आला. कागद वरून गिळायचा आणि खालून टाकायचा, असा त्याचा खाक्या. मला टेबलाखाली सरकवले, वर जुन्या फायलींची चळत ठेवली आणि रविवारी भंगारवाल्याला द्यायचे ठरले. मला फार राग आला. आजही तो गेलेला नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी द्वारकाबाई आल्या. पदराखालून त्यांनी एक कापडी पुडके काढले.

"राजलक्ष्मी, इहिरीच्या पाळीचा कागद हाय ह्यो. उद्या पंचायतीत दाखवायचाय. नीट वाचता येईल आशी नक्कल काढून दे बाई."

द्वारकाबाईंचे मालक गेणू आणि त्यांचे थोरले भाऊ दत्तोबा यांची विहीर सामाईक. चाळीस वर्षांपूर्वी दोघांनी पाण्याचे वार वाटून घेतले आणि निळ्या शाईने कागदावर लिहून घेतले. गुरुवार आणि शुक्रवार गेणूंचे. गेणू गेले, तरी दत्तोबांनी भावजयीचे दोन्ही दिवस पाळले. गेल्या वर्षी दत्तोबाही गेले आणि त्यांचा मुलगा नागेश म्हणू लागला, की काकीचा एकच दिवस. महिनाभर शुक्रवारी त्याने मोटरीच्या पेटीला कुलूप लावले. द्वारकाबाईंचा दोन एकर दोडका फुलात होता आणि एका दिवसाच्या पाण्यात अर्धे वेलसुद्धा भिजत नव्हते.

कागद होता, पण त्याची दशा काय सांगू! घड्यांवर फाटला म्हणून गेणूंनी तो पिठाच्या खळीने मांजरपाटाच्या कापडावर चिकटवला होता. आणि द्वारकाबाईंनी दर लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा केली होती. चाळीस वर्षे हळद, चाळीस वर्षे कुंकू, तेही नेमके मजकुरावर. गुरुवार दिसत होता. त्याच्यापुढे कुंकवाचा गडद लाल डाग. नागेशने याच कागदाची झेरॉक्स पूर्वी काढून ठेवली होती. तिच्यात कुंकू काळे उमटले होते, आणि तो काळा ठिपका दाखवून तो सगळ्यांना म्हणत होता, "म्होरं काय लिवलंच न्हाय."

राजलक्ष्मीने कागद नव्याच्या तोंडात दिला. त्याने तो दोन बोटे आत ओढला, कर्रकन आवाज केला आणि अडकून बसला.

"आगं आगं, फाटला! माझा शुक्रवार खाल्ला मुडद्यानं!" द्वारकाबाई किंचाळल्या.

कागद सुटला, कोपरा मात्र गेला. राजलक्ष्मीने खाली वाकून फायली बाजूला केल्या आणि मला वर काढले. माझी काच पुसली, कागद अलगद पालथा ठेवला, मोडके झाकण हाताने दाबून धरले.

मला एक सोय आहे. लाल छापील चौकटींचे अर्ज वाचताना चौकटी गाळता याव्यात, म्हणून लाल उजेडात वाचायची. त्या उजेडात लाल आणि पिवळे पांढरे होऊन जाते, निळी शाई मात्र काळीभोर उठते. राजलक्ष्मीला ते आठवले. मी घरघरलो. पाऊण मिनिट लागले, मान्य. पडद्यावर हळद नव्हती, कुंकू नव्हते. 'गुरुवार व शुक्रवार, दोन्ही दिवस गेणू' एवढे स्वच्छ होते आणि खाली दत्तोबांचा अंगठा.

द्वारकाबाई रडल्या. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

संध्याकाळी द्वारकाबाई अजून तिथेच बसलेल्या असताना बातमी ऐकून नागेश तावातावाने आला. "कॉम्पुटरवर काय बी करता येतंय. म्या न्हाय मानत."

"मानू नगंस," राजलक्ष्मी म्हणाली. "कागद हितंच हाय. तूच ठेव काचंवर. तूच बटण दाब."

त्याने ठेवला. त्यानेच दाबले. आयुष्यात मी इतक्या सावकाश कधी वाचले नसेन. पडद्यावर ओळ उतरत गेली आणि नागेशची मान खाली गेली. पडद्यावरच्या बापाच्या अंगठ्याच्या ठशावर त्याने बोट टेकवले. मग खिशातून पेटीची किल्ली काढून त्याने पुढे केली.

"घ्या काकी."

"किल्ली ठेव तुझ्यापाशी," द्वारकाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी सहाला तूच यायचं आन् तूच मोटर चालू करायची. मी बांधावर हुबी ऱ्हाते."

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

रविवारी भंगारवाला आला. विजयसिंहाने माझ्याकडे हात नेला आणि राजलक्ष्मीने तो वरच्या वर धरला. दोघांत काय बोलणे झाले, ते मी सांगणार नाही. नवा टेबलावर आहे, कोऱ्या करकरीत कागदांची थप्पी तो मिनिटात संपवतो, मला त्याचा हेवा नाही. मीही टेबलावर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कामासाठी स्कॅनर घ्यायचा झाला, तर दुकानात जाण्याआधी तुमच्या दारी येणाऱ्या माणसांचे कागद हातात घेऊन पाहा. ते चुरगळलेले असतात, शिवलेले असतात, पूजलेले असतात. आणि माझ्यासारखा कुणी घरात असेल, तर त्याची काच रोज कोरड्या मऊ फडक्याने पुसा. दया म्हणून पुसणार असाल, तर राहू द्या. माझ्या काचेवर एक डाग राहिला, तर उद्या कुणाच्या तरी हक्काच्या ओळीवर तो काळा होऊन उमटेल आणि समोरचा माणूस म्हणेल, इथे काही लिहिलेलेच नाही.