गाडी मी चालवत होते

आधीच सांगून टाकते, गाडी मी चालवत होते. पोलीस स्टेशनात हे एक वाक्य बोलायला मला इतके कष्ट पडले की आता कोणी विचारलं नाही तरी सांगत सुटते. परवा फुलवालीलाही सांगून झालं. तिनं मुकाट्यानं दोन हात गजरा जास्त दिला आणि जरा लांब सरकून बसली.

आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या तंजावुरात विळीपासून लॉरीपर्यंत जे जे हाताला उपयोगी पडतं त्या सगळ्याला गंध लागतं. आणि आमच्या ह्यांना, म्हणजे सुरेंद्ररावांना, कुठलीही गोष्ट थोडक्यात करता येत नाही. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जन्म गेला, पण हौस सगळी रथ सजवणाऱ्याची. भल्या सकाळी गाडी धुतली. काचेवर, दिव्यांवर, नंबरप्लेटवर चंदनाचे पट्टे ओढले, वर कुंकू. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पानांसकट केळीचे खांब बांधले, पुढे झेंडूची माळ, आणि मधोमध कामाक्षीची तसबीर. मी म्हटलं, "अहो, मला रस्ता दिसायला थोडी जागा ठेवा!" तर म्हणतात, "तू घाबरू नकोस, मी आहे ना शेजारी."

गाडी मी शिकत होते. वय विचारू नका, नातवंडं आहेत एवढं पुरे. शिकायची हौस माझी नव्हती हो. वर्षभर हेच मागे लागले होते, "जया, गाडी शीक. जया, गाडी शीक." दारात ऑटो मिळते तिथे कशाला ही नसती उठाठेव, असं मी शंभरदा म्हटलं. पण एकदा चाक हातात आलं आणि काय सांगू, आवडलं मला! आजवर गाडीत बसायचं म्हणजे मांडीवर सांबाराचा डबा घेऊन बसायचं, आणि सांडलं तर बोलणी खायची. आता डबा ह्यांच्या मांडीवर. शिकाऊ लायसन झालं होतं, पक्क्या लायसनची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. नात्यातल्या समस्त बायका "ह्या वयात?" म्हणून तोंडाला पदर लावत होत्या. त्यांच्या दारावरून हॉर्न वाजवत जायचं, हे माझं ठरलं होतं.

तर पूजा झाली. पूजा झाली की चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे काढून ती चिरडायची, म्हणजे गाडीची दृष्ट जाते. हे शेजारी बसले. उजवीकडचं मी पाहिलं. डावीकडे केळीचं पान आडवं आलेलं, म्हणून ह्यांना विचारलं, "त्या बाजूनं कोण आहे का?" हे म्हणाले, "कोणी नाही, घे पुढे." मी क्लच सोडला. आता माझं इंजिन फाटकात रोज बंद पडतं. रोज! त्या दिवशी लिंबं जाड सालीची होती, मी जरा जोर दिला, आणि लिंबं चिरडून गाडी अशी उसळली की थेट रस्त्यावर. धाडकन आवाज आला. एक सायकल आडवी पडली आणि तिच्यापलीकडे पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ रस्त्यावर बसलेले दिसले.

रामस्वामी होते ते. पोस्टातून रिटायर झालेले, पलीकडच्या गल्लीत राहणारे, रोज त्याच वेळेला सायकलवरून मोठ्या देवळात जाणारे सज्जन माणूस. ऐयो, मी माणूस मारला की काय, एवढंच डोक्यात. तेवढ्यात हे खाली उतरले. लोक गोळा झाले होते. कोणी काही विचारायच्या आत ह्यांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं, "मीच चालवत होतो. माझी चूक आहे."

आणि मी? मी चाक धरून बसलेली! अख्ख्या गल्लीला दिसत होते! माझ्या हातच्या स्वयंपाकाची तारीफ झाली की हे "आमच्या घरची चव" म्हणून मान डोलावतात, ते मी आजवर सोसलं. पण अपघातसुद्धा स्वतःच्या नावावर करून घ्यावा?

रामस्वामींचं मनगट मोडलं होतं. बाकी खरचटण्यावर निभावलं. कामाक्षीच पावली म्हणायची, तिच्या तसबिरीची काचही फुटली नव्हती. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, आणि जबाब द्यायला सगळ्यांनी दोन दिवसांनी स्टेशनात यावं असा निरोप आला.

लगेच माझा धाकटा भाऊ कल्याणराम धावत आला. तो वकील आहे. जन्मभर शेताच्या बांधाचे खटले लढला, मोटार-अपघाताच्या वाटेला कधी गेला नाही, पण वकील तो वकील. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं कपाळाला हात लावला.

"अक्का, L कुठाय?"

"आहे की. चंदनाखाली."

"मागचा?"

"त्याच्यावर ह्यांनी स्वस्तिक काढलंय."

"शाब्बास! शिकाऊ माणसाची गाडी, आणि L देवाला वाहिलेला. हे बघ, तू चालवत होतीस असं कागदावर गेलं तर केस तुझ्यावर, विम्यावाले शंभर खुसपटं काढतील, आणि परीक्षा विसर. भाऊजी बोलले तेच बरोबर. भाऊजींचं लायसन आहे, इतक्या वर्षांत साधी ओरखड्याची तक्रार नाही. तू गाडीत नुसती बसलेली होतीस."

"कुठे बसलेली? त्यांच्या मांडीवर?"

"अक्का!"

हे मात्र तोंडात मूग धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. तर म्हणाले, "कल्याण सांगतो तसं करू." एवढंच. खरं सांगते, मनातून मलाही क्षणभर बरं वाटलं. परीक्षा वाचत होती ना! पण दुसऱ्याच क्षणी संताप आला. पेडल दाबलं मी, माणूस पडला माझ्यामुळे, आणि मी गाडीत ठेवलेल्या नारळासारखी? चूक करायचीही माझी लायकी नाही?

नवरात्राचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ केली होती, ते डब्यात भरून मी रामस्वामींकडे निघाले. कल्याण दारात आडवा. "कुठे चाललीस? सुंडल नेणं म्हणजे कबुली!"

"मग ते चण्याचं सुंडल काय कोर्टात उभं करणार आहेस?" म्हटलं आणि गेले.

रामस्वामी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. मला पाहून उठायलाच लागले. त्यांची बायको अंबुजा मोठ्यानं म्हणाली, "उठू नका, नाहीतर पुन्हा नमस्कार कराल." मला काही कळेना. मग रामस्वामी इतके ओशाळले की प्लास्टरकडे बघतच बोलले, "अम्मा, चूक माझीच. केळीचे खांब, झेंडू, चंदन, मधे देवी. मला वाटलं देवळातले स्वामी निघालेत मिरवणुकीला. मी दोन्ही हात जोडले."

"सायकलवर?"

"सायकलवर."

"ह्यांना सवयच आहे," अंबुजा म्हणाली. "कोपऱ्यावरचा लाल सिग्नल लागला तरी आधी हात जोडतात, मग थांबतात."

मी हसू दाबत घरी आले आणि सांगून चूक केली. कल्याण खुर्चीतून उडालाच. "हँडल सोडलं होतं? दोन्ही हातांनी? अक्का, मग निम्मी चूक त्यांची! हलगर्जीपणा! मी हेच मांडतो!" म्हटलं, वा रे वा. ह्यांनी गाडीला देव केलं, त्या बिचाऱ्यानं देवाला नमस्कार केला, आणि गुन्हेगार तो? पण कल्याण आता ऐकण्यापलीकडे गेला होता. बांधाच्या खटल्यात देव कधी साक्षीला आला नव्हता त्याच्या.

स्टेशनात एक तरुण सब-इन्स्पेक्टर बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. एका बाजूला रामस्वामी आणि अंबुजा, एका बाजूला आम्ही. कल्याणनं नमस्काराचं प्रकरण सविस्तर मांडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि रामस्वामींकडे पाहिलं, तर ते लगेच कबूल! मग बाई ह्यांच्याकडे वळल्या. "सर, गाडी तुम्ही चालवत होता?"

"हो," हे म्हणाले.

"सायकल कुठल्या बाजूनं आली?"

हे जरा थांबले. "समोरून."

"नाही नाही," रामस्वामी मध्येच म्हणाले, "डावीकडून. मी रोज डावीकडूनच येतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, धडक लागेपर्यंत तुम्हाला सायकल कुठल्या बाजूला आहे ते दिसलं नाही? चालवत तुम्हीच होता ना?"

हे खिशात रुमाल शोधू लागले. आजवर हा माणूस माझ्यासमोर खोटं बोलला तर लगेच पकडला जातो, इथे वर्दीसमोर कसा निभावणार? आणि मला ते बघवेना. परीक्षा गेली खड्ड्यात, असं म्हणून मी उभी राहिले.

"कुठून दिसणार त्यांना? गाडी मी चालवत होते. सगळ्या गल्लीनं पाहिलंय. लिहा, जयलक्ष्मी, लायसन शिकाऊ, L चंदनाखाली. लिंबू चिरडायला जोर मी दिला. ह्यांना उगाच शूर व्हायची हौस आहे."

कल्याणनं डोळे मिटून घेतले. बाई ह्यांना म्हणाल्या, "मग सर, तुम्ही खोटं का सांगितलं?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाकडे बघत तमिळमध्ये म्हणाले, "खोटं नाही सांगितलं, अम्मा. माझीच चूक आहे. तिनं मला विचारलं होतं, त्या बाजूला कोण आहे का. मी म्हटलं, कोणी नाही. पूर्वी मान न वळवता सगळं दिसायचं, तीच सवय राहिली. आता मला बाजूचं दिसत नाही. डोळ्यांत काचबिंदू आहे. वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून. तिनं नीट विचारलं होतं. मीच चुकीचं सांगितलं."

आमच्या घरात नवराबायकोचं बोलणं मराठीत होतं. भांडणही मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. आणि माझ्या घरातली ही गोष्ट मला पोलीस स्टेशनात, सगळ्यांसमोर, तमिळमध्ये कळली.

मग एकेक उलगडत गेलं. वर्षभर "जया, गाडी शीक" म्हणून मागे लागणं. डोळ्यांत थेंब घालताना बघितलं तर "गारव्यासाठी आहेत" म्हणणं. मी बाजूला येऊन बसले की उगाच दचकणं. मला वाटायचं वय झालं, चिडचिडे झाले. मी त्यावरूनही बोलायचे.

बाईंनी खरा जबाब लिहून घेतला, माझ्या नावावर. नमस्कारही लिहिला, कल्याणच्या समाधानासाठी. रामस्वामी म्हणाले, मला ह्या दोघांविरुद्ध काही म्हणायचं नाही. बाई म्हणाल्या, तरी कागद पुढे जातील, विम्याचं विम्यावाले बघतील, आणि परीक्षेचं पुढे काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. मग ह्यांना म्हणाल्या, "सर, आजपासून तुम्ही गाडीही चालवायची नाही आणि शेजारी बसून शिकवायचंही नाही."

"नाही शिकवत," हे म्हणाले.

"मी बसेन शेजारी," कल्याण म्हणाला.

"तू? म्हणजे रस्त्यात बांध दिसला की गाडी थांबवून मोजायला लावशील," मी म्हटलं.

सह्या बाकी होत्या, म्हणून आम्हाला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. कल्याण आत कागद बघत राहिला. व्हरांड्यात दोन बाकं समोरासमोर होती. हे एका बाकावर बसले, सवयीनं मी त्यांच्या डाव्या अंगाला. मी बोलले असते तर रडले असते, आणि पोलीस स्टेशनात रडणारी बाई मी नाही.

शेवटी हेच म्हणाले, मराठीत, "ओरड की. गप्प का बसलीस?"

"सांगायचं होतंत मला."

"सांगितलं असतं तर तू शिकलीच नसतीस. माझ्याच उशाशी बसून राहिली असतीस."

हे अगदी खरं होतं, म्हणून आणखीच राग आला. "काय काय दिसत नाही?"

"बाजूचं. समोरचं अजून चांगलं दिसतं."

मी उठले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. पदर नीट केला. "आता दिसते?"

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"दिसतेस," हे म्हणाले. "रडते आहेस."