टेकडीवरच्या शाळेचं तिसरं मत

ते साल १९८३. मार्चमध्ये कपबश्यांच्या कारखान्यातली दुसरी भट्टी कायमची विझली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही एमरी कोचिशला नगराध्यक्ष केलं. आम्ही म्हणजे हॅरोज बेंड गावातले टेकडीवरचे लोक. खाली ओहायो नदीच्या काठाने दुकानं, बँक आणि मोठी घरं. वर आमची, भट्टीवाल्यांची, एकमेकांना खांदे लावून उभी असलेली लाकडी घरं. वर चर्च होतं, एक दारूचा गुत्ता होता आणि शाळा होती. चर्चचा पाद्री दर दोन वर्षांनी बदलायचा. शाळा मात्र माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून तीच.

त्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं काढली. एकशे बारा मुलं, मी आणि लॉटी. गुरुवारी आम्ही पाव भाजायचो, तेव्हा सहावीची मुलं अकरा वाजल्यापासूनच काही ना काही निमित्त काढून दारात यायची. एमरीही त्यातलाच. हातात पट्टी घेऊन यायचा, "बाईंनी तुमच्या टेबलाची लांबी मोजायला सांगितलीय," म्हणायचा. दर गुरुवारी तेच टेबल.

मोठा झाल्यावर तो कारखान्यात लागला, तिथून कमी केल्यावर दुधाची गाडी चालवू लागला. खालच्या लोकांनी टेकडीची शाळा बंद करून मुलांना बसने नदीकाठच्या नव्या शाळेत न्यायचं काढलं, तेव्हा तो पंचविसाव्या वर्षी शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. मंडळात पाच जण. पगार नाही, मान नाही, महिन्यातून दोन मंगळवार हायस्कूलच्या लायब्ररीत बसून लोकांच्या शिव्या खायच्या. अध्यक्ष हार्लन प्रुइट, फर्निचरच्या दुकानाचे मालक. ते आणि आणखी एक जण बंद करा म्हणणारे. दोघं चालू ठेवा म्हणणारे. आणि तिसरं मत एमरीचं. शाळेचा विषय तीनदा निघाला, तिन्ही वेळा तीन विरुद्ध दोन. १९८५ च्या अखेरपर्यंत एमरीची मुदत होती. तोवर आमच्या शाळेच्या केसालाही धक्का लागणार नव्हता.

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं.

ईस्टरच्या आधीच्या उपासातला एक शुक्रवार. चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे तळलेल्या मासळीचं जेवण होतं. एमरी कोबीच्या सॅलडचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होता आणि लॉटी मोठ्याने म्हणाली, "आजवर टेकडीवरचा एक तरी नगराध्यक्ष झालाय का? आपल्या रस्त्यावरचा बर्फ गुरुवारी उचलतात, त्यांचा सोमवारी!"

"एमरी आहे की," मी म्हणाले. "उभा राहा रे."

"मिसेस लस्क, शाळेचं काय मग?" तो म्हणाला. "नगराध्यक्षाचा शाळेशी काही संबंध नसतो. त्याच्याकडे रस्ते, पाणी, पोलीस, कचरा. शाळा मंडळाची."

"अरे, नगराध्यक्ष तो नगराध्यक्ष. वर बसलेल्याचं सगळेच ऐकतात. एकवीस वर्षं नोकरी करतेय मी, मला नको शिकवूस."

"तीस वर्षांत मला नाही जमलं हिला शिकवायला," माझा नवरा वॉल्ट म्हणाला. "तू सॅलड वाढ."

सगळे हसले. एमरीही हसला, पण त्याचं हसू जरा जास्त वेळ टिकलं. दुधाची गाडी चालवणाऱ्या मुलाला शंभर माणसांदेखत कोणी नगराध्यक्ष म्हटलं तर ते कानाला गोड लागणारच. तो विचार त्याच्या मनात आधीच होता, आम्ही त्याला फक्त ढकललं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

मे महिन्यात त्याने अर्ज भरला. कुठलाच पक्ष नाही, नुसतं नाव. सबंध उन्हाळा मी आणि लॉटी दारोदार फिरलो. वॉल्टने एमरीच्या नावाच्या, अंगणात रोवायच्या पाट्या स्वतः रंगवल्या. त्याने आयुष्यभर बश्यांच्या काठावर रेघा ओढलेल्या, अक्षर सुरेख होतं. आणि ऑगस्टमध्ये एक नवल घडलं. हार्लन प्रुइटनी त्यातली एक पाटी मागून नेली आणि आपल्या दुकानाच्या काचेत, सोफ्यावर ठेवली. सगळ्या गावाला दिसेल अशी.

"म्हातारा विरघळला," मी म्हणाले.

"प्रुइट विरघळत नाही," वॉल्ट म्हणाला. "त्याला काहीतरी दिसतंय, जे आपल्याला दिसत नाही."

"तुला सगळ्यातच खोट दिसते."

गुरुवारी मी दोन डझन पाव रुमालात बांधून प्रुइटच्या दुकानात गेले आणि त्यांचे आभार मानले. ते उठून उभे राहिले. "मिसेस लस्क, या मुलाला वर जाताना पाहून माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही," म्हणाले. खोटं बोलले नाहीत.

एमरी एकसष्ट मतांनी आला. चर्चच्या घंटेचा दोर लॉटीने स्वतः ओढला. त्यानंतरच्या रविवारी एमरी आमच्या मागच्या दाराने आला, टोपी हातात.

"वकिलांना विचारलं," तो म्हणाला. "दोन्हीकडे बसता येत नाही. शपथ घेतली की मंडळाची जागा सुटते."

"मग तुझ्या जागी आपलाच कुणीतरी बसव."

"मी नाही बसवत. उरलेले चौघं बसवतात. आणि चौघं म्हणजे दोन विरुद्ध दोन. महिनाभरात त्यांचं जमलं नाही तर जज ठरवतो."

वॉल्ट पाइप साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "सोफ्यावरची पाटी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मिळवलेलं प्रत्येक मत त्याला त्या लायब्ररीतून बाहेर काढत होतं. प्रुइटना हे ऑगस्टातच दिसलं होतं.

"मिसेस लस्क, मी शपथच नाही घेतली तर?" एमरीने विचारलं.

तो मला विचारत होता, वॉल्टला नाही. मी एवढंच म्हणायचं होतं, की नको घेऊस. पण माझ्यासमोर सगळी टेकडी उभी राहिली: घंटा, लॉटी, उन्हात हिंडलेली माणसं. मी म्हणाले, "लोक काय म्हणतील, एमरी? आणि जज काय माणूस नसतो का?"

त्याने डोक्यावर टोपी घातली. जानेवारीत शपथ घेतली.

चौघांचं जमलं नाही. जजनी एका दातांच्या डॉक्टरांना नेमलं. सज्जन माणूस होता, त्याच्या हातून मीही दात काढून घेतला होता. गोल्फच्या मैदानापलीकडे राहायचा, मूलबाळ नव्हतं. टेकडीवर तो किती वेळा आला असेल, मला माहीत नाही.

मार्चमध्ये मंडळाची सभा व्यायामशाळेत घेतली, कारण लायब्ररीत माणसं मावेनात. ज्याला बोलायचं त्याने रांगेत उभं राहायचं आणि तीन मिनिटं बोलायचं. हा नियम एमरी मंडळात असताना झाला होता, त्याच्याच मताने. एक म्हातारा दर सभेला पाऊण तास दूषित हवेवर बोलायचा म्हणून. रांगेत नगराध्यक्ष नववा होता. त्याच्यापुढे लॉटी होती, ती रडलीच नुसती.

"मी या गावचा नगराध्यक्ष..." त्याने सुरुवात केली.

"नाव आणि पत्ता, नगराध्यक्षसाहेब," प्रुइट नम्रपणे म्हणाले. "नोंदीसाठी लागतो."

"हार्लन, तुम्ही मला ओळखता."

"नोंद ओळखत नाही."

एमरीने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मागून कुणीतरी हसलं. तो नीट बोलला. सात वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात अंधारात बसची वाट पाहायची, नदीकडच्या रस्त्याला बर्फात गाड्या घसरतात, सगळं. समोरच्या पाच जणांपैकी दोघं मान हलवत होते, ते आधीपासून आमचेच होते. दातांचे डॉक्टर वहीत काहीतरी लिहीत होते. घड्याळ वाजलं तेव्हा एमरी एका वाक्याच्या मधे होता. त्याने प्रुइटकडे पाहिलं आणि वाक्य तसंच टाकून खुर्चीवर जाऊन बसला. मी ओरडले, "बोल ना रे!" पण तो बसून राहिला. तीन विरुद्ध दोन.

जूनमध्ये आम्ही शेवटचे पाव भाजले. बाक लिलावात गेले, माझं लांब टेबल एका कोंबडीवाल्याने नेलं. पुढच्या वसंतात मंडळाने इमारत पाडायचं ठरवलं आणि पाडकामाचा परवाना गावाकडे मागितला. शाळेसंबंधीचा तेवढा एकच कागद नगराध्यक्षाच्या टेबलावर आला. एमरी तो घेऊन माझ्याकडे आला.

"सही केली नाही तर?" मी विचारलं.

"तर कोर्टातून आणतील. छप्पर खचलंय, मिसेस लस्क. पोरं आत शिरतात खेळायला. उद्या एखादं दगावलं तर?"

"मग कर."

"तुम्ही म्हणता म्हणून नाही करत हां," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण पहिल्यांदाच तो माझ्याशी तसा बोलला. मग माझ्या ओट्यावर कागद ठेवून त्याने सही केली.

एमरीने नगराध्यक्षपदाची चार वर्षं पुरी केली. टेकडीवरचा बर्फ सोमवारी उचलला जाऊ लागला, हे खरं. पुन्हा उभा राहिला तेव्हा टेकडीनेच त्याला पाडलं. मी त्याला मत दिलं, लॉटीने नाही. तो कोलंबस शहरात गेला, विम्याच्या कंपनीत लागला, दोन मुली झाल्या. नाताळला कार्ड पाठवतो, खाली नुसती सही असते. हार्लन प्रुइट सत्त्याण्णव साली गेले, त्यांच्या दुकानात आता जुने कपडे विकतात. दातांच्या डॉक्टरांनी दीड वर्षात मंडळ सोडलं, फार वेळ जातो म्हणून. लॉटी मुलाकडे टेक्सासला गेली आणि तिथेच वारली. वॉल्टला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्याने मला प्रुइटना नेऊन दिलेल्या त्या पावांवरून एकदाही टोमणा मारला नाही, आणि तो टोमणे मारणारा माणूस होता.

मी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. टेकडीवर आता एकूण चार मुलं आहेत. सकाळी साडेसहाला बस माझ्या घरासमोर थांबते. मी खिडकीशी उभी राहते आणि मुलं चढेपर्यंत बाहेरचा दिवा लावून ठेवते.