चार-चार महिन्यांची आई

शहर फुगलंय. दहा वर्षांत दुप्पट झालं म्हणतात. शाळेतली पोरं वाऱ्यावर सोडून आम्हा मास्तरणींना ती माणसं मोजायला जुंपलंय. पंधरा मजले, साठ दारं, आणि एकही दार धड उघडत नाही.

बाराव्या मजल्यावर एका बँकवाल्यानं उघडलं.

"घरात किती माणसं?"

"तीन. मी, बायको, मुलगी."

त्याच्या पाठीमागे हॉलमध्ये, घडीच्या खाटेवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती.

"आणि ह्या?"

"ती आई. ती आमच्याकडे नसते."

म्हातारीचा हात थांबला.

"म्हणजे असते," तो घाईनं म्हणाला, "पण चारच महिने. चार दादाकडे, चार ताईकडे. वाटून घेतलंय आम्ही."

वाटून घेतलंय! शिडी आहे का ती, शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरवायला?

"वर्षातले सहा महिने जिथं राहतात, तिथं लिहायचं असतं," मी म्हटलं. "ह्यांचे तर कुठंच भरत नाहीत. दादांनी लिहिलंय का?"

त्यानं फोन लावला. दादाचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू आला. "आत्ता तुझ्याकडे आहे ना? मग तू लिही." बहीण म्हणाली, "दोन-दोन भाऊ असताना माझ्या घरात कशाला रे?"

"एकदा कागदावर आल्या की कायमच्या गळ्यात," सून स्वयंपाकघरातून कुजबुजली. तिला वाटलं, ऐकू जात नाही.

म्हातारी हसली. "लिहा हो बाई कुठंतरी. तीन बाळंतपणं सोसली, एका रकान्यात तरी बसू द्या."

"आई, गप्प बस गं. एक आकडा तर आहे. काय फरक पडतो?"

"नाही ना पडत? मग चार सांग."

तो चपलांच्या कपाटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तीन."

घरचा कर्ता सांगेल ते लिहायचं, असा नियम. मी तीन लिहिलं. नियमाच्या आड लपायला मलाही छान जमतं.

लिफ्टपाशी ती मागून आली. हाताला लसणाचा वास.

"बाई, रस्त्यावर राहणाऱ्यांनाही मोजता म्हणे?"

"हो. मंगळवारी, पुलाखाली."

"नाव लिहिता, की नुसता आकडा?"

"नाव लिहितो."

"मग किती वाजता येऊ?"

लिफ्ट आली. दार हातानं अडवून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मी वेळ सांगितली.