वोप्केची हिरवी फांदी

वोप्के फांदी न्यायला निघाल्याचा निरोप आला तेव्हा नीन्के प्रवाळांच्या काचेच्या टाकीसमोरच उभी होती. टाकीतली हिरवी फांदी वोप्केची नव्हती. ती दुकानातली होती.

नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या, घरी प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात नवशिक्याला पहिला दगडी प्रवाळ विकत घेऊ देत नाहीत. जुना सभासद आपल्या टाकीतली फांदी तोडून देतो. ती वाढली की तिची फांदी पुढे कुणाला तरी द्यायची. उद्या एखाद्याची टाकी मेली, तर त्याचा वाण दुसऱ्याच्या घरून परत मिळतो.

वोप्केने नीन्केला आपल्या टाकीतली हिरवी मॉन्टिपोरा दिली होती. "बोटांसारखी वाढते, चुका पोटात घालते. वर्षभर हिलाच सांभाळ. निळ्या अ‍ॅक्रोपोराकडे बघूसुद्धा नकोस, फार नखरेल जात."

नीन्केने तिसऱ्याच महिन्यात निळी अ‍ॅक्रोपोरा आणली. दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत ती रोज नमुने तपासायची. मोजमाप आपल्या हातचं, असा तिचा भरवसा. निळी फिकी पडायला लागली तशी तिने पाण्याची क्षारता सातावरून अकरावर नेली, तीही दोन आठवड्यांऐवजी दोन दिवसांत. आकडा हवा तसा आला. तिसऱ्या सकाळी निळीची कातडी सोलून निघाली होती. संध्याकाळपर्यंत हिरवीचीही.

मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी हिरवीची खुशाली विचारली. नीन्केने जुना फोटो टाकला: 'मस्त वाढतेय.' मग फोटोशी जुळणारी फांदी दुकानातून आणली. मेलेल्या हिरवीचा पांढरा सांगाडा मोज्यांच्या खणात गेला.

आणि परवा वोप्केच्या टाकीचा हीटर बंदच झाला नाही. पाणी छत्तीस अंशांवर गेलं. टाकीत काही जिवंत उरलं नाही.

तो डबा घेऊन आला, कोटही न काढता टाकीशी वाकला. "कॉफी नको गं, आधी लेक बघू दे. वा! माझ्याकडे इतकी देखणी कधी नव्हती. प्रयोगशाळेच्या बाई त्या!"

"मंडळात आणखी कुणाकडे असेल ना?" नीन्केने विचारलं.

"साधी हिरवी आता ठेवतं कोण? सगळ्यांना महागडे रंग हवेत. मंडळातल्या म्हाताऱ्या डुर्कने मला दिली तेव्हा माझे केस सोनेरी होते. आता डुर्क नाही, माझी टाकी नाही. उरली ती तुझ्याकडे."

तिने कात्रीने फांदी तोडली. डब्यात पाणी घेतलं, फांदी सोडली. वोप्केने झाकण लावलं आणि डबा कोटाच्या आत, पोटाशी धरला. ऊब राहावी म्हणून. ते बघून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वोप्के, ती तुमची नाही."

"म्हणजे?"

"तुमची मेली. मी मारली. ही दुकानातली आहे. फोटो जुना होता."

त्याने पुन्हा टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "क्षारता वाढवलीस ना? किती?"

"सातावरून अकरा. दोन दिवसांत."

"अगं, मेली तेव्हाच सांगितलं असतंस तर मी दुसरी तोडून दिली असती. तेव्हा माझ्याकडे टोपलीभर होती."

तिने खणातून सांगाडा आणून त्याच्या हातावर ठेवला. त्याने अंगठ्याने तो एकदा चाचपला आणि तिलाच परत दिला.

"शनिवारी मंडळाच्या बैठकीत नवशिक्यांच्या टेबलावर ठेव. तिथे तू बस."

"आणि डबा?"

"हिने काय पाप केलंय? पाणी गार होतंय." तो डबा तसाच पोटाशी धरून सायकलवर बसला. जाताना त्याने नेहमीसारखा हात केला नाही.

शनिवारी टेबलावर ओल्या, रंगीत फांद्यांच्या रांगेत ती पांढरी फांदी होती. दोन जुने सभासद तिथे थबकले, नीन्केकडे न बघता पुढे गेले. मग एक नवी मुलगी आली आणि तिने नेमकी तीच उचलली.

"ही कुठली जात?"

"सगळ्यात सोपी," नीन्के म्हणाली. "मी ती अकरा आठवड्यांत मारली. बस, कशी ते सांगते."