हसनाबादची पहिली

नव्व्याण्णव साली मी जालन्यात एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायचे. संस्था खेड्यांतल्या सातवीच्या मुलींची गणिताची परीक्षा घ्यायची आणि गावात पहिल्या आलेल्या मुलीला शब्दकोश द्यायची. बाराशे मुलींचे मार्क मी फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रॅममध्ये भरले. गावाप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटातले सगळ्यांत जास्त मार्क काढायची क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, लिहिली. दोन मिनिटांत यादी तयार. आमचे प्रमुख मार्तंड सर खूश झाले. पत्रं गेली.

आठ दिवसांनी हसनाबादचे एक शेतकरी, कचरूभाऊ, लेकीला घेऊन आले. कौसल्या तिचं नाव. आमचं पत्र तिनं छातीशी धरलं होतं.

"ताई, गावात पेढे वाटून झाले," कचरूभाऊ म्हणाले. "आन् ही म्हणून राह्यली, मी पहिली न्हाईच."

"ब्याण्णव मार्क माझे न्हाईत," कौसल्या खाली बघत म्हणाली. "मला निम्मीच गणितं आल्ती."

मी मूळ यादी उघडली. तिला एक्केचाळीस होते. ब्याण्णव होते तिच्याच गावच्या बेबीनंदाला. क्वेरीनं मार्क बरोबर काढले होते, पण नाव गटातल्या शेवटच्या मुलीचं उचललं होतं. गावोगाव हेच झालं होतं. माझे कान तापले.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी नाव आणि मार्क लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या करून तिला दाखवलं. आधी गावातले सगळ्यांत जास्त मार्क काढायचे, मग ते कुणाचे हे मूळ यादीत पुन्हा शोधायचं. दुसरं पाऊल मी घातलंच नव्हतं.

तिनं चिठ्ठ्या हलवून पाहिल्या. "आन् दोघींला सारखेच असले तर?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नवी क्वेरी चालवली, तर टेंभुर्णीच्या दोन मुली बरोबरीत निघाल्या. गावोगाव दुरुस्तीची पत्रं गेली, टेंभुर्णीच्या दोघींनाही.

बेबीनंदाचा शब्दकोश घेऊन हसनाबादला मी स्वतः गेले. कौसल्या एसटी स्टँडवर उभी होती.

"चला, तिचं घर दाखवते," ती म्हणाली.

बेबीनंदाच्या दारात तिनंच हाक मारली. "ए, तू पहिली आलीस. मी न्हाई."

बेबीनंदा हातातलं पीठ झटकत बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं.

पुढं पुण्यात कितीतरी मोठ्या कंपन्यांच्या याद्या काढल्या. त्यांतलं एकही नाव आठवत नाही. जपून ठेवलंय ते दुसऱ्या वर्षी आलेलं कौसल्याचं पोस्टकार्ड: "ताई, औंदा आठवीच्या गणितात एकाहत्तर मिळाले. गावात तिसरी आले. हे माझेच आहेत."