पोत्याला बांधलेली चिंधी

सकाळी साडेदहाला आरमोरीच्या बाजाराबाहेर गोपालभाऊच्या धान गिरणीची मोटर सुरू झाली. रिना मेश्राम गिरणीच्या ओट्यावरच बसली होती. आवाज कानावर आला तरी तिची नजर मोबाईलवर होती. स्मार्ट मीटरची नोंद जरा उशिराने पोचते. ती पोचली, पडद्यावरची वीजवापराची रेघ वर चढली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

बल्लारपूरची नोकरी सोडून ती याच रेघेच्या भरवशावर गावी परतली होती. नागपूरची एक खासगी वीज कंपनी तालुक्यातल्या गिरण्यांचा गट करून त्यांना उन्हावर तयार झालेली स्वस्त वीज द्यायला तयार होती. अट एकच होती. गिरण्या दिवसा चालतात, हे मीटरच्या नोंदींत दिसलं पाहिजे. गट बांधायचा, नोंदी वाचायच्या, मोटर कधी चालवायची ते मालकांना सांगायचं, हा रिनाचा धंदा. पहिलं गिऱ्हाईक गोपालभाऊ. त्याने सही केली तर बाकीचे मालक येणार होते. त्याने नकारार्थी मान हलवली तर तिला बल्लारपूरची गाडी पकडावी लागणार होती.

पण महिनाभराच्या चाचणीसाठी गिरणी दिवसा उघडी ठेवली, तर सुरुवातीला धान घेऊन कोणी फिरकेना. लोक शेतावरून परतल्यावर, दिवेलागणीलाच यायचे. रिनाने पाटी लावली : सकाळी धान ठेवा, संध्याकाळी तांदूळ न्या. पाटी वाचून लोक हसले.

शेवटी एका संध्याकाळी ती रांगेत जाऊन बसली. प्रत्येक जण आपापल्या पोत्याला टेकून होता. एकाचं धान एचएमटी जातीचं, दुसऱ्याचं लुचई. जो तो आपलाच तांदूळ, आपलीच कणी, आपलाच कोंडा घरी नेणार. त्यासाठी धान सडणाऱ्या हालर यंत्रासमोर बसून राहायचं, ही रीत. रिना स्वतः लहानपणी आईसोबत अशीच पोत्यावर बसून पेंगली होती. मोटर, तास, दर सगळं मांडताना नेमकं तेवढंच ती विसरली होती.

"रिना, तुह्या मीटरले समजते का," शेजारच्या इतवारीने विचारलं, "माहा तांदूळ कोणाच्या पोत्यात गेला थे?"

"नाई समजत, इतवारीभाऊ."

"मंग मीच बसतो. मले बिना बिजलीचं दिसते."

रांग खदखदून हसली. रिनाही हसली, पण घरी जाऊन नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोतून अंजनाबाई उतरल्या. रिनाच्या आईची ही मैत्रीण आयुष्यभर अंगणवाडीत राबलेली. गावातल्या बायांनी पोलिओच्या थेंबांसाठी पोरं आणली ती त्यांच्या शब्दावर. त्यांनी पोतं ओट्यावर उतरवून घेतलं, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि पोत्याच्या तोंडाला गाठ मारून बांधली.

"हे काय, बाई?" रिनाने विचारलं.

"मोहाच्या झाडाले बांधतो नाई का आपण? एकदा बांधली का त्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाई. मी चालली शेतावर."

"कमीजास्त झालं तं?"

"तं तुह्या घरी जेवाले येईन. तुह्या मायच्या हातचा भात मले तसाबी आवडते."

रिनाने त्यांना काही सांगितलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. बहुतेक आईने सांगितलं असावं, किंवा नसावंही. ऑटो वळेपर्यंत ती उभीच राहिली. आभाराचे शब्द तिला संध्याकाळपर्यंत सुचले नाहीत, आणि सुचले तेव्हा अंजनाबाई रांगेसमोर पोत्याची गाठ सोडून तांदळाचे दाणे चावून बघत होत्या.

"माहाच हाय," त्या इतवारीकडे बघून म्हणाल्या. "तू काऊन बसून राह्यला?"

 पुढच्याच सकाळी इतवारीचं पोतं ओट्यावर होतं, गमछ्याच्या लाल पट्टीने बांधलेलं. आज चाचणीचा शेवटचा दिवस. ओट्यावर पोत्यांची रांग लागली होती, निळ्या, हिरव्या, फुलाफुलांच्या चिंध्यांची, आणि त्यांच्याजवळ माणूस एकही नव्हता. रिनाने अंजनाबाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्यामुळं..."

"मंग सांग. आता शेतावर हाव, आयकू येत नाई."

गोपालभाऊ करार खिशात घालून जेवायला गेला. "कंपनीले संध्याकाळपर्यंत सांगतो मनलं," जाता जाता तो म्हणाला. "चार दिवस आले लोक. धानाच्या रोवणीच्या टायमाले येतीन का, थ्याचा इचार करू दे."

दुपारी दीडच्या नोंदीत रेघ वरच होती. करारावर तोवर सही झालेली नव्हती.